फॅशनच्या वर्गाबाहेरचं बाकडं

शिवणाच्या खोलीत चिंध्या कुणी मुद्दाम साठवत नाही. कापता कापता पडतात, कुणीतरी पायानं कोपऱ्यात सारतं, आणि एक दिवस बघावं तर पोतं भरलेलं असतं. आमच्या बॅचचे किस्से असेच साठले. आता वर्षातून एकदा आम्ही तिघी जालन्यात नसरीनच्या घरी जमतो आणि ते पोतं उपडं करतो. नसरीनचा नवरा दाराशी चपला बघूनच बाहेर जातो. त्याला वाटतं, आम्ही त्याच्यावर हसतो. कधीकधी हसतोही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्यातल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात बी.ए.ला ‘फॅशन’ हा स्पेशल विषय सुरू झाला. मराठी स्पेशल, इतिहास स्पेशल, तसं फॅशन स्पेशल. मी अंबडची. वडील कोर्टात बेलिफ. लोकांच्या दारात नोटिसा नेऊन देण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कुणी गोड बोललं की ‘ह्याला काय पाहिजे?’ हा प्रश्न आमच्या घरी पाहुण्याला पाणी देण्याआधी पडायचा. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. पण त्या कॉलेजात गेले आणि कळलं, आपण या बाबतीत अजून कच्चे आहोत.

प्राचार्यांचा फॅशनच्या मॅडमवर संशय, मॅडमचा प्राचार्यांवर. ऑफिसचा आमच्यावर, आमचा मेसच्या डाळीवर. आणि संगीताच्या आप्पांचा सगळ्यांवर.

संगीता आष्टीची. घरची चांगली जमीन, कापूस, मोसंबीची बाग, आणि घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच मुलगी. आप्पा तिला ॲडमिशनला घेऊन आले तेव्हा डोक्याला पटका, अंगात बंडी, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप आपले खिसे चाचपावेत. प्राचार्यांच्या केबिनबाहेर रांगेत त्यांच्या मागं मीच होते, आणि दार उघडं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे.

“फॅशन शिकवता म्हंजे नेमकं काय शिकवता?” आप्पांनी विचारलं.

प्राचार्य भूगोलाचे. त्यांनाही ते नीट माहीत नव्हतं. ते म्हणाले, “विद्यापीठानं मान्यता दिलेला विषय आहे.”

“विद्यापीठ कुठशी आलं?”

“औरंगाबादला.”

“मंग फॅशन हितं कशाला?”

प्राचार्यांनी बोरकर मॅडमना बोलावलं. मॅडम नागपूरच्या. नुकत्याच आलेल्या, उत्साही. त्यांनी कापड, धागा, रंग, माप, कपड्यांचा इतिहास असं सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उठून उभे राहिले.

“शिकवा. पण एक ध्यानात ठिवा. ज्या दिवशी माझी पोर कपडे घालून चार लोकांसमोर चालंल, त्या दिवशी तिचं शिक्षण बंद. बिलकुल बंद. गाडीत घालून न्हेतो आन् महिन्यात लगीन लावतो.”

संगीतानं मान खाली घातली. तिला शिकायचं होतं आणि आप्पा बोललेलं करतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ते गेल्यावर प्राचार्य बराच वेळ विचार करत होते. मग मॅडमना हळू आवाजात म्हणाले, “पण कपडे घालूनच चालायला पाहिजे ना हो?”

*

पहिल्याच वर्षी मुंबईहून डमी आली. म्हणजे कपडे बेतायला लागते ती बाईच्या धडाची आकृती. गोणपाटात गुंडाळून ट्रकनं आली आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात गोणपाट एका बाजूनं फाटलं. हमालांना खांदा दिसला. त्यांनी हात लावायचं साफ नाकारलं. शेवटी प्राचार्य स्वतः गेले आणि ‘शैक्षणिक साहित्य’ असं चारचारदा सांगून ती सायकल-रिक्षात घालून आणली. रिक्षात ते तिच्या शेजारी बसले होते. गावातून. त्यानंतर कितीतरी दिवस ते बाजारातून जाताना पान खायला थांबत नसत.

त्या डमीला अंगावर काही नाही, हे प्राचार्यांना सहन होईना. त्यांनी शिपाई किसनमामांना सांगून तिला केमिस्ट्री लॅबचा पांढरा एप्रन घालायला लावला, बटणं वरपर्यंत, आणि वर कुलूप घातलं. अगदी खरं कुलूप, काजातून. किल्ली प्राचार्यांकडं.

मॅडम केबिनमध्ये गेल्या. “सर, तिला कपडे घालायला शिकवायचं तर आधी तिचा एप्रन काढावा लागेल.”

“अर्ज करा,” प्राचार्य म्हणाले. “आणि कारण लिहा.”

त्याच आठवड्यात आप्पा चक्कर टाकायला आले. ‘बाजाराला आल्तो’ असं सांगायचे. आष्टीचा माणूस परतूरचा बाजार सोडून जालन्याच्या बाजाराला कशाला येईल, हे कुणी विचारायचं नाही. वर्गाबाहेर एक लाकडी बाकडं होतं, त्यावर बसायचे आणि उघड्या दारातून आत बघत राहायचे. त्या दिवशी त्यांना डमी दिसली. उठून दारात आले.

“हिला मुंडकं का न्हाई?”

मॅडम हसून म्हणाल्या, “फॅशन शिकायला ते लागत नाही, काका.”

“तेच म्हणून राह्यलो मी,” आप्पा म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

*

आपल्याकडं शिंप्याकडं बाई जात नाही, ब्लाऊज जातो. मापाचा ब्लाऊज. अंगाला टेप लावून घ्यायची पद्धतच नाही. एक बरा बसणारा ब्लाऊज पिशवीत घालून पाठवायचा, शिंपी त्यावरून नवा शिवतो, जुना फाटला की नवा मापाला ठेवायचा. मॅडमना नागपुरात हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांनी त्यावर अभ्यासच लावला. प्रत्येकीनं घरचा मापाचा ब्लाऊज आणायचा आणि घालणारीच्या अंगाच्या मापाशी ताडून बघायचा.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आमच्या बायकांचा डावा दंड जाड असतो. आईचा, मावशीचा, माझा. डावी बाही कायम काचायची. आजी, म्हणजे आईची आई, म्हणायची, “आपल्या घराण्यातच हाय ते. काम लई केलं बायकांनी.” काम डाव्या हातानं कुणी केलं हे मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

वर्गात टेप लावली. माझे दोन्ही दंड सारखे. घरी येऊन आईला लावली. सारखे. मावशीला लावली. तिचा तर उजवाच जरा जाड.

मग मी बेलिफाची पोरगी असल्यासारखी चौकशीला लागले. आईचा मापाचा ब्लाऊज कुठून आला? आजीच्या मापावरून. आजीचा? तिच्या थोरल्या जावेच्या. त्या थोरल्या जावेचं नाव काढल्यावर आजी सहज म्हणाली, “ती व्हय. लहानपणी बैलानं पाडलं होतं तिला. डावा हात वाळून गेल्ता बिचारीचा.”

ती बाई मी जन्मायच्या कितीतरी आधी गेलेली. आणि आमच्या तीन पिढ्या तिची बाही घालून हात चोळत बसल्या होत्या!

मी जिवापाड मेहनत करून आईला तिच्या स्वतःच्या मापाचा ब्लाऊज शिवला. तिनं घातला. आरशात बघितलं. डावा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“डावीकडं ढिला झालाय,” ती म्हणाली. “नीट शिकवत न्हाईत तुम्हाला.”

*

नसरीनचं घर जुन्या जालन्यात. घरात उर्दू, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. तिचा हात चित्रांत फार चांगला. फॅशनच्या स्केचमध्ये बाई काढायची तर खऱ्या बाईपेक्षा खूप उंच, खूप बारीक काढतात. नसरीन घरी बसून अशा बायका काढायची आणि भिंतीवर टाचणीनं लावायची.

तिच्या अम्मीनं पहिलं चित्र बघितलं. “ये कौन है?”

“कोई नै अम्मी. ऐसीच निकाली.”

“ऐसीच कैसे? कोई तो होंगी.”

अम्मीच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. शेजारच्या खाला आल्या, त्यांनी चित्र निरखून बघितलं आणि त्यांना त्यात आपली शाहीन दिसली. “हमारी बच्ची की तस्वीर तुमारे दीवार पे कायकू? किसकू दिखाने की है?” दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. शाहीन बुटकी आणि गोल होती, पण ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर बोलणं कायमचंच बंद झालं असतं.

नसरीननं यातून मार्ग काढला. चेहरेच काढायचे नाहीत. नुसता लंबगोल, त्यात नाक नाही, डोळे नाहीत. मॅडम म्हणाल्या, छान, व्यावसायिक लोक असंच काढतात.

घरी अम्मीनं ती नवी चित्रं एकेक करून बघितली. बराच वेळ बघितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, “मूँ छुपाके फिर री. जरूर कुछ तो करी होंगी.”

*

दुसऱ्या वर्षाला सर्व्हे होता. बाजारात, स्टँडवर बसून लोक काय घालतात, कसं घालतात, हे बघायचं. आम्ही तिघींनी अंबडचं एस.टी. स्टँड घेतलं. माझं गाव, ओळखीचं. बाजारचा दिवस होता. आम्ही बाकावर बसून माणसं न्याहाळत होतो आणि माणसं आम्हाला न्याहाळत होती. तीन पोरी सकाळपासून बसल्यात, एकही गाडी पकडत नाहीत. कंट्रोल केबिनमधल्या माणसानं दोनदा येऊन विचारलं, “कुठं जायचं?” आम्ही म्हणालो, “कुठंच नाही.” त्याची शंका आणखीच बळावली.

थोड्या वेळानं स्पीकर खरखरला आणि त्यानंच घोषणा केली, बहुतेक आमच्याकडं बघून, “प्रवाशांनी खिसेकापूंपासून सावध राहावे.”

आणि तेव्हा संगीतानं माझा हात धरला. “बघ, बघ.”

स्टँडवरच्या झाडून सगळ्या पुरुषांचे हात हलले होते. कुणाचा छातीवर, कुणाचा कमरेला, कुणाचा बंडीच्या आत काखेखाली. घोषणा ऐकली की जो तो आपला ऐवज जागेवर आहे का ते चाचपत होता.

“चोरखिसा कुठंय ते माणूस आपणच दाखवून राह्यला,” संगीता म्हणाली. “खिसेकापूला दुसरं काय पायजे?”

मग ती पुढं वाकून बघायला लागली. समोरच्या खांबाआड एक माणूस वर्तमानपत्र पसरून बसला होता. तोंड दिसत नव्हतं. पेपराच्या खालून त्याचा डावा हात आला होता आणि बंडीच्या आत, बरगडीपाशी, दोन बोटांनी काहीतरी दाबत होता. संगीता उठली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि पेपर खाली केला.

“आप्पा, तुम्ही कवा आलात?”

“बाजाराला आल्तो,” आप्पा म्हणाले.

“पेपर उलटा धरलाय.”

आप्पांनी पेपराची घडी घातली आणि तिच्याकडं रागानं बघितलं. “मला वळखलं कसं?”

“तुमच्या खिशानं सांगितलं.”

परतताना जालन्याच्या गाडीत आप्पा आमच्या मागच्याच सीटवर होते. हात बंडीत घालायला गेला की मध्येच थांबवायचे. संगीता खिडकीतून बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, “ज्याचा खिसा त्यालाच ठाव नसला, तर तो हात कुठं लावंल?” मला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं.

*

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, संगीताला बघायला पाहुणे आले. हा किस्सा तिनं स्वतः सांगितलेला आहे, त्यामुळे मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, पण आप्पांनीही तो नाकारलेला नाही.

मुलगा सफारी घालून आला होता. मोटरसायकलवर. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी विचारलं, “पोरगी काय शिकून राह्यली?” आप्पांनी गावात कुणालाच ‘फॅशन’ हा शब्द सांगितला नव्हता. ते म्हणाले, “शिवणकाम. कॉलेजातलं.”

“मंग विचारा की तिला शिवणातलं काही,” मामा मुलाला म्हणाले.

मुलानं जरा लाजत सफारीची कॉलर नीट केली आणि विचारलं, “ही शिलाई कशी वाटली?”

संगीतानं वर बघितलं. तिची चूक एवढीच की तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. “शिलाई चांगलीये. पण खांदा दोन बोटं खाली उतरलाय, बाहीला आतून दुमड घालून टाके मारलेत. ही तुमच्या अंगावर बेतलेली न्हाई. दुसऱ्या कुणाचीतरी हाय.”

 मुलाच्या मामांनी पोह्यांची रिकामी बशी पुन्हा हातात घेतली.

आप्पा दुसऱ्या दिवशी त्या गावाला जाऊन आले. चौकशी करून आले म्हणजे अर्थातच बाजाराला जाऊन आले. सफारी मेव्हण्याची होती. मोटरसायकल मित्राची. सांगितलेल्या जमिनीतली निम्मी चुलत्याची. सोयरीक मोडली.

संगीताला वाटलं, आता तरी आप्पा या शिक्षणाला चार चांगले शब्द म्हणतील. आप्पांनी म्हटलेही. “विद्या बराबर हाय,” ते म्हणाले. “पण आता तुझ्यासमोर कोन्ताबी पोरगा पास व्हायचा न्हाई. अजून शिकलीस तर माझ्याबी अंगरख्यात खोट काढशील.” आणि त्यांनी निकाल दिला. एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात लग्न. संगीताला औरंगाबादला पुढं दोन वर्षांचा एम.ए. करायचा होता, मॅडमनी तिच्यासाठी तिथं बोलूनही ठेवलं होतं. ते सगळं बंद.

ती कॉलेजात आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आम्ही समजूत घालायला लागलो तर म्हणाली, “रडून झालंय माझं. आता मला बंडी शिवायचीये.”

*

शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकीनं एक कपडा करायचा होता, आपल्या भागातला जुना घेऊन त्याची नवी रचना. आणि तो जिवंत माणसाच्या अंगावर दाखवायचा. डमी चालणार नाही. बाकीच्या आम्ही एकमेकींचे कपडे घालून परीक्षकांसमोर चालणार होतो. संगीता चालणार नव्हती, कारण चालली की शिक्षण बंद. म्हणून तिनं पुरुषाची बंडी निवडली. मापाला आप्पांची जुनी बंडी घरून आणली होती, चोरून.

पुरुष आत येणार म्हटल्यावर प्राचार्य हादरले. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी किसनमामांपुरती परवानगी दिली. मॅडम आवडत्या मुलींना जास्त मार्क देववतील अशीही त्यांना शंका होतीच. म्हणून त्यांनी पत्र्याचे नंबर घातलेले बिल्ले करून घेतले. कपड्यावर नाव नाही, नुसता बिल्ला. संगीताला सात नंबर मिळाला.

परीक्षक बाई औरंगाबादहून आल्या. उंच, करड्या केसांच्या, हसणं वर्ज्य. प्रत्येक कपडा उलटा करून शिवणी बघायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, “बाहेरून शिवून आणलंय का?” माझ्या कपड्याला तर त्यांनी दोनदा विचारलं.

आप्पा सकाळीच येऊन बाकड्यावर बसले होते. आज पोरी चालणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. दार बंद होतं, पण वर काचेचा तुकडा होता आणि ते उठून डोकावले की त्यातून पटक्याचा वरचा भाग दिसत होता.

सात नंबरची पाळी आली. किसनमामांनी बंडी चढवली. ती पोटावर मिटेना. वीतभर फट राहिली. किसनमामांचं पोट कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं, संगीतालाही. तेव्हा ती चुकली की तिनं चुकवलं, याबद्दल मला आजही शंका आहे.

“हे चालणार नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या. “मॉडेल कुठंय? मॉडेल नसेल तर मार्क देता येणार नाहीत.”

 संगीता दाराकडं बघत होती. दार उघडलं आणि आप्पा आत आले.

“मॉडेल म्हंजे काय करावं लागतं?”

“कपडा घालायचा आणि चालायचं,” बाई म्हणाल्या.

आप्पांनी विचार केला. “किती लांब?”

“त्या भिंतीपर्यंत आणि परत.”

“तेवढंच?”

त्यांनी पडद्यामागं जाऊन नवी बंडी घातली. जुन्या मापाची, अंगावर अशी बसली की जणू जन्मापासून तीच घालत होते. मॅडमनी छातीवर सात नंबरचा बिल्ला लावला. आप्पा चालले. भिंतीपर्यंत गेले, भिंतीला हात लावला, आणि आले. बाई म्हणाल्या, वळा. ते वळले. हात वर करा. केले. प्राचार्य दारात उभे होते.

“रचनेत पाच खिसे म्हटलंय,” परीक्षक बाई म्हणाल्या. “मला चारच दिसतायत.”

“पाचवा दिसायचा न्हाईच,” संगीता म्हणाली. “घालणाऱ्यालाबी सापडत न्हाई. शोधा तुम्ही.”

बाईंनी शोधला. शिवणी दाबल्या, काखेत बघितलं, काठ उलगडून बघितला. मग आप्पांनी स्वतः शोधला. बरगडीपाशी, कमरेपाशी, पाठीवर हात पोचेल तिथवर. नाही सापडला.

“खिसा आहेच कशावरून?” बाईंनी विचारलं.

संगीता पुढं आली. “आप्पा, डोळे मिटा.” आप्पांनी ते आयुष्यात कुणासाठी मिटले नसतील. पण मिटले. संगीतानं आमच्याकडं पाठ केली, तिचा हात कुठंतरी गेला आणि आला, आणि तिनं बाईंच्या टेबलावर खुणा करायचा निळा खडू ठेवला. बाईंनी खडू बघितला, वहीत मार्क लिहिले आणि पहिल्यांदाच ‘बाहेरून शिवून आणलंय का’ असं विचारलं नाही.

आप्पांनी डोळे उघडले. “कुठून काढला?”

“दोन वरीस औरंगाबादला जाऊ द्या. शिकून आले की सांगते.”

सगळ्यांसमोर म्हणाली.  मला तिची भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

“आन् तोवर?”

“तोवर शोधा.”

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. पुन्हा एकदा अंगावरून हात फिरवला, बाहेर गेले आणि बाकड्यावर बसून चाचपायला लागले.

परीक्षा संपल्यावर प्राचार्यांनी बिल्ले मोजून घेतले. सात नंबर नव्हता. झालं! दार लावून घेतलं. आमच्या ओढण्या झाडून झाल्या, टेबलाखाली बघून झालं, मॅडमची पर्स झाली. परीक्षक बाईंची पर्सही झाली असती, पण प्राचार्यांना तेवढं धैर्य झालं नाही. किसनमामा बाहेर आप्पांकडं गेले. आप्पांनी दोन्ही हात वर केले. “बघा की. चारी खिसे बघा.” किसनमामांनी चारी खिसे बघितले. रिकामे. शेवटी किसनमामांच्याच नावावर ठपका बसला.

गाडीची वेळ झाली तसे आप्पा उठले आणि नवी बंडी तशीच अंगात ठेवून निघाले. संगीता मागं मागं गेली. गेटपाशी त्यांनी तिला एवढंच विचारलं, “औरंगाबादला राह्याची सोय काय?”

*

ती गेली. दोन वर्षं शिकली. आप्पा औरंगाबादलाही बाजाराला जायचे असं ऐकलंय. मी तोवर आमच्याच कॉलेजात शिवणाचं प्रॅक्टिकल घ्यायला लागले होते. बिल्ल्यांचा तोच संच वापरात होता, सहानंतर एकदम आठ. नव्या मुलींनी त्यावरून आपापसांत ठरवूनही टाकलं की सात नंबरच्या मुलीचं काहीतरी वाईट झालं असणार.  बिल्ल्याबाबत मलाही किसनमामांचाच संशय होता.

संगीताचा निकाल लागला, माझ्याच शेजारच्या टेबलावर तिची नेमणूक झाली, आणि नसरीन आणि मी तिच्याबरोबर आष्टीला गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. अंगात तीच बंडी, धुऊन धुऊन रंग उडालेला.

संगीता पाया पडली आणि समोर बसली. “आप्पा, शिकून आले. आता सांगते खिसा कुठंय.”

“राहू दे,” आप्पा म्हणाले.

त्यांनी आमच्याकडं पाठ केली. हात कुठंतरी गेला आणि आला. त्यांनी तिच्या तळहातावर पत्र्याचा बिल्ला ठेवला. सात नंबरचा. कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

“आता तिथंच मास्तरीण झालीस, तर तुझ्या त्या प्राचार्याला न्हेऊन दे,” ते म्हणाले. “लई संशयी माणूस हाय.”